अंधाराची नव्हे, खांबाची तक्रार

“आमच्या गल्लीतले दिवे आठ दिवसांपासून बंद आहेत, कृपया लक्ष घालावं.” महापालिकांच्या विद्युत विभागांकडे येणाऱ्या तक्रारींचा मजकूर बहुतेक वेळा इतकाच असतो. त्यातलं म्हणणं खरं असतं, त्यामागचा त्रासही खरा असतो. तरीही अशा तक्रारीवर दिवा लागेलच असं नाही. ही तक्रार शेवटी ज्या वायरमनच्या हातात पडते तो दिवसा कामाला निघतो, आणि दिवसा सगळेच दिवे बंद असतात. कोणता बिघडलेला आणि कोणता नुसता विझलेला, हे खालून पाहून कळत नाही. ते कळायला त्याला फीडर पिलर, म्हणजे रस्त्यावरच्या दिव्यांना वीज पुरवणारी पेटी, उघडून सगळी लाईन चालू करावी लागते, मग रस्ताभर फिरावं लागतं. हायड्रॉलिक शिडीची एक गाडी, दोन माणसं आणि दिवसभराच्या तक्रारींची यादी, एवढ्यात तो हे प्रत्येक गल्लीत करत नाही. दिसलेला एखादा दिवा दुरुस्त होतो, तक्रारीवर ‘निकाली’ असा शेरा पडतो आणि संध्याकाळी तुमच्या दारासमोर तोच अंधार असतो.

म्हणून दोन गोष्टी ठामपणे मांडायच्या आहेत. तक्रार अंधाराची करू नये, खांबाची करावी; हे नागरिकाचं काम. आणि खांबाची तक्रार रात्री दिवा पेटलेला पाहिल्याशिवाय बंद होऊ नये. हे पालिकेचं काम. पहिली गोष्ट शिकायला एक संध्याकाळ पुरते. दुसरी होत नाही, कारण ती झाली नाही तरी कोणाचे पैसे कापले जात नाहीत. खरी मेख तिथे आहे.

आधी आपल्या हातातलं पाहू.

पथदिव्याच्या खांबावर जमिनीपासून साधारण डोक्याच्या उंचीवर रंगाने लिहिलेला किंवा पत्र्याच्या पट्टीवर ठोकलेला क्रमांक असतो. त्यात बहुधा फीडर पिलरचा क्रमांक आणि त्या पिलरवरचा खांबाचा अनुक्रम असतो. हा क्रमांक म्हणजे दिव्याचा पत्ता. त्याचा जवळून एक फोटो आणि रस्ता, दुकानाची पाटी किंवा इमारतीचं नाव दिसेल असा लांबून एक फोटो, असे दोन फोटो तक्रारीला जोडावेत. क्रमांक पुसला गेला असेल, किंवा त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा फ्लेक्स बांधला असेल, तर दोन्ही बाजूंच्या खांबांचे क्रमांक टिपावेत आणि ‘या दोघांच्या मधला’ असं लिहावं. तेही नसतील तर कोपऱ्यापासून कितवा खांब, रस्त्याच्या कोणत्या बाजूला, कोणत्या दुकानासमोर, हे लिहावं. मोबाईलवरच्या नकाशातलं स्थान जोडावंच, पण केवळ त्यावर विसंबू नये. इमारतींच्या दाटीत ते दहा-वीस मीटर इकडेतिकडे दाखवतं, आणि खांब एकमेकांपासून पंचवीस-तीस मीटरवर असतात. म्हणजे चूक थेट शेजारच्या खांबापर्यंत जाते.

पुढचा भाग बहुतेक तक्रारींत नसतोच, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने सगळ्यांत मोलाचा तोच आहे: दिवे कोणत्या क्रमाने बंद आहेत. रात्री आठनंतर रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा चालावं आणि पेटलेले-विझलेले खांब क्रमाने लिहावेत. बिघाड कुठे आहे हे त्या क्रमातूनच निम्मं कळतं.

एकच दिवा बंद आणि आजूबाजूचे चालू असतील, तर दोष त्या खांबापुरता. एलईडी फिटिंगमध्ये प्रकाश देणाऱ्या चिप सहसा टिकतात, जातो तो ड्रायव्हर. २३० व्होल्टचा वीजपुरवठा चिपला लागणाऱ्या स्थिर प्रवाहात बदलणारा हा भाग विजेच्या लाटांनी आणि उन्हात तापलेल्या पत्र्याच्या आत शिजून निकामी होतो. एलईडीचं आयुष्य ५०,००० तास सांगितलं जातं. वर्षाला साधारण ४,००० ते ४,४०० तास दिवा जळतो, म्हणजे हिशेबाने अकरा-बारा वर्षं. पण हा हिशेब चिपचा आहे. ड्रायव्हर आणि त्याच्याआधी बसवलेला सर्ज रोखणारा सुटा भाग त्याच्या बराच आधी जाऊ शकतो. एकटा दिवा जाण्याची दुसरी कारणं खांबातच सापडतात: जंक्शन बॉक्समधला (खांबातल्या वायरी जोडण्याच्या डब्यातला) एमसीबी, म्हणजे जादा भार आला की वीज तोडणारा स्विच, पडलेला, पाणी शिरून जोड गंजलेला, किंवा बॉक्सपासून वर दिव्यापर्यंत जाणारी वायर उंदराने कुरतडलेली.

दोन आड एक असे दिवे बंद असतील, म्हणजे तिसरा, सहावा, नववा, तर फिटिंग बदलून काही होणार नाही. वीज आर, वाय आणि बी अशा तीन फेजमधून, म्हणजे तीन वेगळ्या तारांतून, येते. नीट केलेल्या जोडणीत पहिला खांब आर फेजवर, दुसरा वायवर, तिसरा बीवर, पुन्हा चौथा आरवर अशी वाटणी असते. एक फेज गेला तरी रस्ता पूर्ण अंधारात जाऊ नये हा तिचा हेतू. असा नेमका तिसरा-तिसरा दिवा गेला असेल तर पिलरमधला एक फ्यूज उडालेला असतो, एमसीबी पडलेला असतो किंवा वीज कंपनीकडूनच एक फेज येत नसतो. तक्रारीत ‘दर तिसरा दिवा बंद’ एवढं लिहिलं तरी जाणकार अभियंता शिडीची गाडी न पाठवता पिलरकडे माणूस पाठवतो. अर्ध्या तासाचं काम आहे.

एका खांबापासून पुढचे सगळे बंद असतील तर तिथून केबल तुटली असं समजावं. अलीकडे त्या पट्ट्यात पाण्याची लाईन, गॅसची पाईप किंवा इंटरनेटची केबल टाकायला कोणी खोदलं होतं का, हे आठवून तक्रारीत लिहावं, खोदाईचा फोटो असेल तर जोडावा. जमिनीखालच्या केबलचा दोष शोधायला वेगळं यंत्र लागतं, मग खड्डा, जोडाचं किट आणि पुन्हा डांबर. पावसाळ्यात शहरांतून रस्ता खोदायला बंदी असते, त्यामुळे जूनमध्ये तुटलेली केबल ऑक्टोबरपर्यंत तशीच राहू शकते. तोवर खांबाखांबांवरून तात्पुरती केबल ओढता येते. ती मागावी, लेखी मागावी. बहुतेक लोकांना हा पर्याय ठाऊकच नसतो, म्हणून कोणी मागत नाही आणि चार महिने रस्ता अंधारात जातो.

रस्त्यावरचे सगळेच दिवे बंद असतील तर कारण पिलरमध्ये असतं: कॉन्टॅक्टरची (टायमरच्या इशाऱ्यावर सगळी लाईन चालू-बंद करणाऱ्या स्विचची) कॉइल जळालेली, टायमर बंद, मुख्य एमसीसीबी (मोठा एमसीबी) पडलेला, किंवा मीटरलाच वीज नाही. दिवे उशिरा लागतात आणि सकाळी तितकेच उशिरापर्यंत जळतात, असं दिसलं तर टायमरचं घड्याळ मागे पडलेलं असतं. बॅटरी संपलेल्या जुन्या टायमरचं घड्याळ वीज गेली की थांबतं. चार तास वीज गेली तर ते चार तास मागे राहतं. अक्षांश-रेखांशावरून सूर्यास्ताची वेळ काढणारे नवे टायमर आपोआप जुळवून घेतात. पुण्या-मुंबईत डिसेंबरात सहाच्या सुमारास मावळतं आणि जूनमध्ये सव्वासातच्या सुमारास. साध्या टायमरवर हा फरक वर्षातून काही वेळा हाताने भरावा लागतो. तो भरला नाही की हिवाळ्यात शाळेतून, क्लासमधून परतणारी मुलं रोज तासभर अंधारात चालतात, आणि सगळे दिवे ‘चालू’ असल्यामुळे यादीत कुठेच दोष दिसत नाही.

दिवसा जळणाऱ्या दिव्यांचीही तक्रार करावी. कॉन्टॅक्टरचे संपर्क चिकटले, किंवा कोणी तो डावलून थेट जोडणी केली, की हे होतं. ७० वॅटचे ४० दिवे १२ तास उगाच जळले तर एका दिवसात तेहेतीस-चौतीस युनिट जातात, तेही एका पिलरवर. शिवाय ड्रायव्हर दुप्पट वापरला जातो आणि आज दिवसा जळणारा दिवा काही महिन्यांनी रात्री विझतो.

जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांची खूण वेगळी. दिवा काही मिनिटं जळतो, विझतो, थंड होऊन पुन्हा पेटतो. हे लूज कनेक्शन नव्हे, बल्बचं आयुष्य संपल्याचं लक्षण आहे. तिथे चोक किंवा इग्निटर (दिवा पेटवणारे सुटे भाग) बदलून उपयोग नाही, बल्बच बदलावा लागतो.

आणि एक प्रकार असा की ज्यात वाट पाहू नये. रस्त्यावरचे काही दिवे एकाएकी फार प्रखर आणि काही मंद झाले, तर न्यूट्रल, म्हणजे वीज परत नेणारी तार, तुटल्याची शक्यता असते. अशा वेळी २३० व्होल्टच्या जागी काही दिव्यांवर ३०० च्या वर, कधी ४०० च्या जवळ दाब येतो आणि एका रात्रीत डझनभर ड्रायव्हर जळून जातात. त्याच लाईनवरून घरांना वीज जात असेल तर घरातली उपकरणंही जळतात. ही तक्रार पथदिव्याच्या ॲपवर नोंदवून झोपायचं नसतं. वीज कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या क्रमांकावर लगेच फोन करायचा. महावितरणसाठी १९१२ किंवा १८००-२३३-३४३५.

हेच खांबात उतरलेल्या विजेबद्दल. जंक्शन बॉक्सचं झाकण गेलेलं, उघड्या वायरी बाहेर लोंबणाऱ्या आणि खाली पाणी साचलेलं, हे चित्र पावसाळ्यात पुष्कळ ठिकाणी दिसतं. खांबाला हात लावून, टेस्टर लावून पाहू नये. पाण्यात पाय ठेवू नये, मुलांना आणि जनावरांना लांब ठेवावं, शक्य असेल तर दुरून अडथळा उभा करावा आणि फोन करताना ‘दिवा बंद’ असं न म्हणता ‘खांबात करंट उतरला आहे, जीवाला धोका आहे’ असं म्हणावं. तक्रारीचा वर्ग बदलला की माणूस पाठवण्याची निकडही बदलते. पालिका, वीज कंपनी आणि ११२, तिन्हीकडे सांगण्यात काही चूक नाही.

आता प्रश्न खांब कोणाचा.

कायद्यात जबाबदारी स्पष्ट आहे. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ च्या कलम ६३ मध्ये सार्वजनिक रस्त्यांवर दिवाबत्ती करणं हे पालिकेचं बंधनकारक कर्तव्य म्हणून दिलं आहे. मुंबईसाठी १८८८ च्या अधिनियमाचं कलम ६१, नगरपरिषदांसाठी १९६५ च्या अधिनियमाचं कलम ४९. ऐच्छिक कामांच्या यादीत दिवे नाहीत. उद्यानं सुशोभित करणं किंवा चौकात शिल्प बसवणं यांच्या आधी दिव्यांचा क्रमांक लागतो, हे वॉर्डातल्या बैठकीत कलमासह सांगता येतं आणि सांगावंही.

पण दुरुस्ती करणारे हात निरनिराळे आहेत. मुंबईत शहर विभागातले दिवे बेस्टकडे, पश्चिम उपनगरांतले आणि कुर्ला-चेंबूरच्या पट्ट्यातले अदानी इलेक्ट्रिसिटीकडे, भांडुप-मुलुंडचे महावितरणकडे. पालिकेचा १९१६ हा क्रमांक तक्रार घेतो. अदानीचा १९१२२ आहे. पुण्यात पीएमसी केअर ॲप किंवा १८००-१०३०-२२२, पिंपरी-चिंचवडमध्ये सारथीचा ८८८८००६६६६. राष्ट्रीय महामार्गावरच्या दिव्यांसाठी १०३३. राज्य महामार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाचे किंवा रस्ते विकास महामंडळाचे, औद्योगिक वसाहतीतले रस्ते एमआयडीसीचे, पालिकेकडे हस्तांतर न झालेल्या नोडमधले (नियोजित वसाहतींमधले) सिडकोचे. मोठ्या गृहप्रकल्पातला आतला रस्ता पालिकेच्या ताब्यात गेलेला नसेल तर तिथला दिवा सोसायटीचा किंवा बिल्डरचा, आणि या एका मुद्द्यावर तक्रारी महिनोन्महिने परत येत राहतात. रस्ता हस्तांतरित झाला आहे का, एवढं एकदा वॉर्ड कार्यालयातून लेखी घेतलं की वाद संपतो.

दिवा चालू आहे पण झाडाने झाकला आहे, तर विद्युत विभागाचा वायरमन फांदी तोडू शकत नाही. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा वेगळा कायदा आहे, छाटणीची परवानगी वृक्ष प्राधिकरणाकडून येते आणि काम उद्यान विभाग करतो. ती तक्रार उद्यान विभागाच्या सदराखाली टाकली तरच पुढे सरकते. विद्युत विभागाकडे टाकली तर ‘दिवा चालू आहे’ अशा खऱ्या शेऱ्यासह बंद होते.

हे सगळं नागरिकाने पाठ का करावं, असा प्रश्न पडायला हवा. करू नये. खांबाचा मालक कोण हे त्या खांबाला माहीत असायला हवं, म्हणजे त्याच्या क्रमांकात ते असायला हवं, आणि कुठल्याही खिडकीवर आलेली तक्रार आतल्या आत योग्य कार्यालयात जायला हवी. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ हे उत्तर देणाऱ्या कार्यालयाने ‘मग कोणाच्या हद्दीत येतं’ हेही सांगून तक्रार तिकडे पाठवण्याचं बंधन असावं. रस्त्यावरून चालणाऱ्याच्या दृष्टीने रस्ता एकच असतो. पण ही व्यवस्था येईपर्यंत वरची यादी जवळ ठेवणं भाग आहे.

गावात गोष्ट आणखी निराळी. तिथे पथदिव्यांना बहुधा स्वतःचे खांब नसतात. महावितरणच्या खांबांवरून तीन फेज आणि न्यूट्रल यांच्याबरोबर पथदिव्यांसाठी एक वेगळी तार जाते, आणि डीपीजवळच्या स्विचवरून ग्रामपंचायतीचा कर्मचारी ती रोज संध्याकाळी चालू आणि सकाळी बंद करतो. जिथे ही पाचवी तार नाही तिथे दिवे थेट फेजला जोडलेले असतात, म्हणून दिवसरात्र जळतात. वीज आणि तारा महावितरणच्या. दिवा, फिटिंग आणि बिल ग्रामपंचायतीचं. त्यामुळे एकच दिवा गेला तर ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे), सगळी वाडी अंधारात असेल तर आधी महावितरणकडे विचारावं. बिल थकल्यामुळेही जोडणी तोडली जाते. २०२१ साली राज्यभर अनेक ग्रामपंचायतींचे पथदिवे थकबाकीपायी बंद झाले होते आणि पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून ही बिलं भरायला राज्य सरकारने परवानगी दिली. म्हणजे पैसे कुठून येऊ शकतात याचं उत्तर आहे. ग्रामसभेत विचारायचे प्रश्न तीन: किती दिवे आहेत, बिल किती युनिटचं येतं, आणि ते मीटरवर येतं की अंदाजाने. अनेक गावांत बिलाच्या मोजणीतले दिवे आणि खांबांवरचे दिवे यांचा मेळ लागत नाही. तो लावला तर बिलातून वाचलेल्या पैशात वर्षभराच्या फिटिंगचा खर्च निघू शकतो.

आता दुसरी आणि मोठी गोष्ट. नेमकी, क्रमांकासह, फोटोसह केलेली तक्रारही न दुरुस्त होता बंद होते. का?

५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारचा राष्ट्रीय पथदिवे कार्यक्रम सुरू झाला. ईईएसएल या सरकारी कंपनीने देशभर १.३ कोटींहून अधिक एलईडी पथदिवे बसवले. स्वतंत्र कंत्राटं देऊन दिवे बदलणाऱ्या महापालिका वेगळ्याच. वीज वाचली, हे निर्विवाद आहे. २५० वॅटच्या सोडियम दिव्याचं काम ११० वॅटचा एलईडी करतो. पण या बदलाबरोबर दुरुस्तीही पालिकेच्या वायरमनकडून कंत्राटदाराकडे गेली, आणि कंत्राटात ‘९५ टक्के दिवे चालू’ अशा धर्तीचा निकष आला. कागदावर तो कडक वाटतो. एक हजार दिव्यांपैकी पन्नास बंद असले तरी निकष पाळला गेला असा त्याचा अर्थ. हे पन्नास खांब सलग असतील तर तीस मीटरच्या अंतराने दीड किलोमीटर रस्ता पूर्ण अंधारात आहे आणि कंत्राटदाराचं बिल पूर्ण निघालं आहे. सरासरी वॉर्डाची असते, अंधार गल्लीचा असतो.

दुसरी फट दंडात आहे. अनेक निविदांत दिवा ठरावीक तासांत दुरुस्त झाला नाही तर दर दिव्यामागे दर दिवशी दंड असतो. हे घड्याळ तक्रार नोंदली गेली की सुरू होतं आणि तक्रार बंद झाली की थांबतं. बंद करण्याचा अधिकार मात्र ज्याच्यावर दंड बसायचा त्याच्याच माणसाकडे किंवा त्याच्या माहितीवर विसंबणाऱ्या कार्यालयाकडे. परीक्षेचा पेपर ज्याने सोडवला त्यानेच तपासायचा, असा हा प्रकार आहे. यात वायरमनच्या प्रामाणिकपणाचा प्रश्न नाही. तो दुपारी फिटिंग बदलतो, लाईन चालू करून पाहायला पिलरची चावी त्याच्याकडे नसते, आणि संध्याकाळी त्याची पाळी संपलेली असते. दिवा लागला का, हे बघणं कोणाच्याच कामात लिहिलेलं नाही.

‘केंद्रीय नियंत्रण यंत्रणा आहे, पडद्यावर सगळं दिसतं’ असं उत्तर यावर येतं. पिलरमधल्या यंत्रणेला त्या पिलरचा एकूण भार दिसतो. सगळा रस्ता बंद पडला तर ती सांगते, एक फेज गेला तरी सांगते. पण ७० वॅटचे ४० दिवे म्हणजे २,८०० वॅट, त्यात एक दिवा गेला तर फरक अडीच टक्क्यांचा. व्होल्टेज वरखाली झालं तरी एवढा फरक पडू शकतो. शिवाय सिमकार्डची रेंज गेली की पडद्यावर जुनाच आकडा राहतो. प्रत्येक दिव्यावर स्वतंत्र उपकरण असेल तरच एकटा दिवा दिसतो, आणि तसं सगळीकडे नाही. म्हणून नागरिकाची तक्रार ही या यंत्रणेला पर्याय नसून तिचा गरजेचा भाग आहे, आणि तिला त्याच मानाने वागवलं पाहिजे.

यावर उपाय महाग नाही. दुरुस्ती दिवसा होऊ दे, पण तक्रार बंद व्हावी ती रात्रीच्या फोटोवर, ज्यात पेटलेला दिवा आणि खांबाचा क्रमांक दोन्ही दिसतात. त्यानंतर तक्रारदाराला संदेश जावा: दिवा लागला का? ‘नाही’ असं उत्तर आलं तर तीच तक्रार, त्याच क्रमांकाने आणि पहिल्या दिवसापासूनच्या दंडासह पुन्हा उघडावी. आज बहुतेक ठिकाणी नवी तक्रार करावी लागते, त्यामुळे घड्याळ शून्यावर येतं आणि चार वेळा न झालेली दुरुस्ती नोंदीत चार वेळा झालेली दिसते.

अधिकाऱ्यांचा आक्षेप असा की लोक उत्तरंच देत नाहीत, तक्रारी वर्षानुवर्षं उघड्या राहतील. आक्षेप रास्त आहे. मग तीन रात्री उत्तर आलं नाही तर तक्रार आपोआप बंद करावी, पुढचे सात दिवस ती उघडण्याची मुभा ठेवावी. दुसरा आक्षेप मनुष्यबळाचा: रात्री फिरायला माणसं कुठून आणायची? प्रत्येक दिव्यामागे माणूस नको आहे. बंद झालेल्या तक्रारींपैकी दर आठवड्याला काही तक्रारी चिठ्ठ्या टाकून निवडाव्यात आणि कनिष्ठ अभियंत्याने त्या रात्री स्वतः तपासाव्यात. कोणती निवडली जाईल हे कंत्राटदाराला आधी माहीत नसेल, एवढं पुरेसं आहे.

लोकांच्या बाजूची एक गोष्टही स्पष्ट बोलली पाहिजे. मंडपाची रोषणाई, टपरीचा बल्ब, कमानीच्या माळा पथदिव्याच्या जंक्शन बॉक्समधून जोडल्या जातात. दिव्यांच्या हिशेबाने टाकलेल्या केबलवर हा भार आला की एमसीबी पडतो. तो पडू नये म्हणून कोणी तार गुंडाळून ठेवतो, आणि मग केबल जळते. उत्सव संपतो, माळा उतरतात, बॉक्सचं झाकण परत लागत नाही. पहिल्या पावसात पाणी आत जातं. खांबावर फ्लेक्स आणि इंटरनेटच्या केबलची वेटोळी बांधणाऱ्यांनाही हेच लागू आहे. मंडळाने स्वतःचं तात्पुरतं मीटर घेणं हा कायद्याचा मार्ग आहे आणि आपल्याच गल्लीतल्या माणसांच्या जिवाची काळजीही.

तक्रार दोनदा खोटी बंद झाली, तर तिसऱ्यांदा ॲपवर तेच करू नये. क्षेत्रीय कार्यालयातल्या विद्युत अभियंत्याला लेखी अर्ज द्यावा, आवक क्रमांक घ्यावा, आधीचे तक्रार क्रमांक आणि तारखा त्यात लिहाव्यात. दहा घरांनी दहा वेगळ्या तक्रारी करण्यापेक्षा एका रात्री सगळा रस्ता फिरून केलेली एक यादी जास्त काम करते: खांब क्रमांक, बंद, मंद, लुकलुकतो, दिवसा जळतो, झाडाने झाकला, झाकण नाही. ७० वॅटच्या जागी ३५ वॅटचं फिटिंग बसवलेलं असू शकतं. ‘दुरुस्तीनंतर पूर्वीपेक्षा अंधुक’ हाही रकाना ठेवावा.

सगळे दिवे चालू असूनही रस्ता अंधारा वाटत असेल तर ती दुरुस्तीची तक्रार नव्हे, मागणी आहे, आणि तिचा मार्ग अंदाजपत्रकातून जातो. ‘आयएस १९४४’ या क्रमांकाच्या भारतीय मानकाप्रमाणे मुख्य वर्दळीच्या रस्त्यावर सरासरी ३० लक्स (रस्त्यावर पडणारा प्रकाश मोजायचं एकक), इतर मोठ्या रस्त्यांवर १५, वस्तीतल्या प्रमुख रस्त्यांवर ८ आणि लहान गल्ल्यांत ४ लक्स प्रकाश हवा. शिवाय दोन खांबांच्या मधला सगळ्यांत अंधारा भाग सरासरीच्या मानाने फार खाली जाता कामा नये. मोबाईलवरचं लक्स मोजणारं ॲप नेमका आकडा देत नाही, तुलनेपुरतं चालतं. ‘इथे लक्स मोजून अहवाल द्यावा’ अशी मागणी करावी. मोजणीचं यंत्र विभागाकडे किंवा कंत्राटदाराकडे असतं.

आणि शेवटी माहितीचा अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत असावा, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘दिवे का बंद आहेत’ असं विचारलं तर ‘का’ ही माहिती नसते असं सांगून अर्ज निकालात निघू शकतो. नोंदी मागाव्यात: “फीडर पिलर क्रमांक अमुक यावरील खांबांबाबत १ एप्रिल ते ३० जून या काळात आलेल्या तक्रारींचे क्रमांक, नोंदणीची व बंद केल्याची तारीख, वापरलेल्या सुट्या भागांची नोंद, बंद करतेवेळचा फोटो, आणि कंत्राटदाराच्या त्या काळातील बिलातून केलेली दंडाची कपात, यांच्या प्रती.” एवढ्या एका अर्जाने कळतं की एकाच खांबावर तीन महिन्यांत चार वेळा ड्रायव्हर बदलल्याचं दाखवलं आहे की नाही.

पण या नोंदी अर्ज करून मागाव्या लागू नयेत. ईईएसएलचे करार साधारण सात वर्षांचे होते, त्यामुळे सुरुवातीच्या वर्षांत झालेले करार संपले आहेत किंवा संपत आले आहेत. दिवे जुने झाले, हमी सरली, आणि नव्या निविदा निघणार आहेत. वॉर्डातल्या नगरसेवकाकडे, क्षेत्रसभेत, निविदापूर्व हरकतींत आत्ताच मागायला हव्यात त्या अटी ठरवता येतात: टक्केवारी वॉर्डाची न धरता पिलरनिहाय धरावी; पैसे बसवलेल्या दिव्यांवर न देता जळलेल्या तासांवर द्यावेत; तक्रार बंद करण्याचा अधिकार कंत्राटदाराकडे नसावा; पुन्हा उघडलेल्या तक्रारीचा दंड पहिल्या तारखेपासून लागावा; आणि प्रत्येक खांबाच्या क्रमांकावर त्याचा सगळा दुरुस्तीचा इतिहास कोणालाही घरबसल्या पाहता यावा. निविदा एकदा मंजूर झाली की पुढची कित्येक वर्षं यातलं एकही वाक्य बदलत नाही.